गंजलेली सळाख पकड कधी सोडते? : १९१३ पासूनच्या एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यात मामाकडे गेले होते. जेवण झाल्यावर मामा मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि बोटानं छत दाखवलं. बाथरूमच्या भिंतीजवळ स्लॅबची खपली पडली होती, आत तीन सळाखी उघड्या, वर लालसर पापुद्रे. मामा म्हणाले, "पोरी, तुह्या पीएचडीत सांग, हा स्लॅब अजून किती वर्स टिकते?"

मी त्या वेळी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. पण हा प्रश्न ऐकून मला घाम फुटला हे खरं. कारण माझा विषयच हा आहे: लोखंड गंजल्यावर त्याची काँक्रीटमधली पकड, म्हणजे बाँड स्ट्रेंग्थ, किती कमी होते. आणि दोन वर्षं त्यावर काम करूनही मामांना सांगता येईल असा एकही आकडा माझ्याकडे नव्हता.

मी मूळची मोझरीची, एम.एस्सी. केमिस्ट्री. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत मी 'बाहेरची'. त्यामुळे हा विषय मी शिकले तो इतिहासाच्या वाटेनं, कोणी काय आणि का मोजलं हे शोधत. संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ही वाट उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

पकड म्हणजे नेमकं काय?

काँक्रीट दाबाला मजबूत आणि ताणाला कमजोर. म्हणून ताणाच्या बाजूला लोखंड टाकतात. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ताण काँक्रीटमधून लोखंडात जातो कसा, हा प्रश्न आपण विचारत नाही. दोघांमध्ये पकड नसेल तर सळाख म्हणजे नळीत सरकवलेली काडी. स्लॅब वाकेल, सळाख जागेवरून सरकेल आणि लोखंड असूनही नसल्यासारखं होईल.

फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या बागवानानं १८६७ मध्ये लोखंडी जाळीच्या सिमेंट कुंड्यांचं पेटंट घेतलं, तेव्हा पकडीचा वेगळा विचार झालेला दिसत नाही. अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ मध्ये पीळ दिलेल्या चौकोनी सळईचं पेटंट घेतलं. पीळ कशासाठी? काँक्रीटनं घट्ट धरावं म्हणून. म्हणजे गुळगुळीत सळई सरकते, ही अडचण तोवर बांधणाऱ्यांना समजली होती. फक्त ती कोणी नीट मोजली नव्हती.

एकाच वर्षी दोन कामं

आता १९१३ सालाकडे या. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे होते, आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली.

पहिलं काम इलिनॉय विद्यापीठातल्या डफ अब्राम्स यांचं. काँक्रीटमधून सळई ओढून काढण्याच्या चाचण्या त्यांनी मोठ्या संख्येनं केल्या आणि निष्कर्ष विद्यापीठाच्या ७१ क्रमांकाच्या बुलेटिनमध्ये छापले. त्यांनी पकडीचे दोन भाग वेगळे केले: सुरुवातीचं चिकटणं, आणि सळई हलल्यानंतरचं घर्षण. त्यांच्या निष्कर्षांत एक मजेशीर ओळ आहे. गंजलेल्या सळईची पकड साध्या सळईपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त आली! अर्थात हा गंज काँक्रीट ओतण्याआधीचा, पृष्ठभाग खरखरीत करणारा. आपल्याकडचे मिस्त्री अजूनही म्हणतात, "थोडा गंज असला तं चांगलाच, पक्कं धरते." ती समजूत अगदीच निराधार नाही. आपलं आयएस ४५६ सुद्धा सळईवरचा सैल गंज काढायला सांगतं.

दुसरं काम वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधलं. रोझा, मॅककॉलम आणि पीटर्स या तिघांनी काँक्रीटमधल्या विद्युत्-विघटनावर अहवाल लिहिला. त्यांची चिंता वेगळीच होती. अमेरिकन शहरांत विजेच्या ट्राम धावत होत्या. त्यांचा भटका प्रवाह जमिनीतून इमारतींच्या पायातल्या लोखंडात शिरला तर काय होईल? त्यांनी काँक्रीटमध्ये लोखंड ठेवून त्यातून थेट प्रवाह सोडला. जिथून प्रवाह लोखंडातून बाहेर पडतो तिथे लोखंड गंजलं, गंज फुगला आणि काँक्रीट तडकलं. जिथे प्रवाह लोखंडात शिरतो तिथे लोखंड शाबूत राहिलं, पण त्याला लागून असलेलं काँक्रीट मऊ पडलं आणि पकड गेली.

गंमत बघा. एका गटानं पकड मोजली, दुसऱ्यानं गंज. दोन्ही धागे शंभर वर्षांपूर्वी हातात होते. पण घरादारातल्या नेहमीच्या गंजामुळे पकड किती जाते, हा प्रश्न पद्धतशीरपणे मोजायला पुढे अनेक दशकं लागली. आणि जेव्हा मोजला, तेव्हा पद्धत कोणती वापरली? हीच, थेट प्रवाहाची. ट्रामच्या भटक्या विजेचा अभ्यास करायला जी पद्धत वापरली, तीच आज आम्ही 'लवकर गंज चढवण्यासाठी' वापरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझी फजिती इथूनच सुरू होते.

काँक्रीटचं कडं

मधल्या काळात सळई बदलली. अमेरिकेत १९४० च्या दशकात आर्थर क्लार्क यांच्या चाचण्यांनंतर पृष्ठभागावर उंचवटे, म्हणजे रिब असलेल्या सळईचे नियम ठरले. आपल्याकडे १९६० च्या दशकापासून थंड अवस्थेत पीळ दिलेली 'टोर' सळई आली. आज बाजारात टीएमटी मिळते, तरी गावात दुकानदार टोरच म्हणतो. आयएस ४५६ मध्ये रिबवाल्या सळईची पकड साध्या गोल सळईपेक्षा ६० टक्के जास्त धरतात, ती या उंचवट्यांमुळे.

पण हे उंचवटे फुकट काम करत नाहीत. जपानच्या गोटो यांनी १९७१ मध्ये काँक्रीटमध्ये शाई सोडून दाखवलं, की सळई ओढली की प्रत्येक रिबपासून तिरप्या बारीक भेगा निघतात. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये टेफर्स यांनी त्याचं गणित मांडलं. रिब काँक्रीटला तिरपं ढकलते. त्या ढकलण्याचा एक भाग सळईच्या दिशेनं, दुसरा बाहेरच्या दिशेनं. बाहेरचा दाब सळईभोवतालचं काँक्रीट एखाद्या कड्यासारखं सहन करतं, पिंपाला लोखंडी पट्टी असते तसं. कडं फुटलं की पकड गेली.

आता केमिस्ट्री आणा. काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३ असतो. त्यात लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि तो लोखंडाला जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच ९ च्या खाली आला किंवा क्लोराइड पोहोचलं, की हा थर मोडतो. मग तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा कुठून मिळणार? तोही बाहेरच ढकलतो. म्हणजे रिबचा दाब आणि गंजाचा दाब, दोन्ही एकाच कड्यावर! गंज वाढला की त्या कड्याची ताकद आधीच खर्च झालेली असते. हे मला समजलं त्या दिवशी केमिस्ट्री आणि सिव्हिल हे दोन वेगळे विषय वाटणं बंद झालं.

मांडवीचा पूल आणि आखातातले ठोकळे

१९७० च्या दशकात गंजाचा प्रश्न जगभर डोकं वर काढू लागला. थंड देशांत रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकत, ते पुलांत मुरलं. १९८२ मध्ये टुट्टी यांनी स्वीडनमध्ये एक सोपं चित्र दिलं: आधी गंज सुरू होईपर्यंतचा काळ, मग गंज वाढण्याचा काळ. आजही प्रत्येक प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हे चित्र असतंच. माझ्याही आहे.

आपल्या भागातला मोठा धक्का म्हणजे गोव्यातला मांडवी पूल. पणजीचा हा पूर्वताणित काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. उघडून जेमतेम दीड दशक झालं होतं. आतल्या ताणलेल्या तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. तिथली यंत्रणा आपल्या स्लॅबपेक्षा वेगळी आहे. पूर्वताणित पुलात तारा नळीत असतात आणि नळी सिमेंटच्या पातळ गारीनं भरून पकड आणि संरक्षण दोन्ही मिळवायचं असतं. गार नीट भरली नाही तर दोन्ही जातात. त्यामुळे मांडवीचं उदाहरण साध्या स्लॅबच्या बाँडसाठी जसंच्या तसं देऊ नका, परीक्षक पकडतो. पण 'काँक्रीटमध्ये गेलेलं लोखंड सुरक्षित' ही समजूत त्या पुलानं मोडली, एवढं नक्की.

गंज आणि पकड यांना एकत्र मोजणारा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास १९९० चा, सौदी अरेबियातल्या धहरानच्या विद्यापीठातल्या अल-सुलैमानी आणि सहकाऱ्यांचा. आखाताच्या खाऱ्या, तापलेल्या हवेत तिथली नवी बांधकामं लवकर तडकत होती, म्हणून प्रश्न जिव्हाळ्याचा. त्यांना दिसलं, की गंज साधारण १ टक्का वजनघट होईपर्यंत पकड वाढते आणि नंतर घसरते. वाढते, कारण थोडा गंज भोवतालच्या कड्यात दाबून बसतो आणि घर्षण वाढवतो. कडं तडकलं की उलटी गिनती सुरू.

झालं! '१ टक्का' हा आकडा सगळ्यांच्या सेमिनारमध्ये शिरला. माझ्याही. पण त्याच विद्यापीठातून १९९६ मध्ये अल्मुसल्लम आणि सहकाऱ्यांनी छापलं, की त्यांच्या नमुन्यांत ४ टक्क्यांपर्यंत पकड वाढली, ४ ते ६ टक्क्यांत ती अचानक सुटली आणि त्यापुढे सळई नुसती सरकत राहिली. २००४ मध्ये फँग, लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं दाखवलं. सळईभोवती रिंगा नसतील तर ९ टक्के गंजाला पकड मूळच्या एक तृतीयांश राहिली. रिंगा असतील तर फारसा फरकच पडला नाही.

मग खरं कोणाचं? सगळ्यांचंच. प्रत्येकाच्या ठोकळ्यात कडं वेगळं होतं: सळईवरचं काँक्रीटचं आवरण किती जाड, सळईचा व्यास किती, रिंगा आहेत की नाहीत, गंज किती वेगानं चढवला.

माझी फजिती

आता माझं. माझे पहिले नमुने मी आयएस २७७० प्रमाणे केले. १९६७ चं हे मानक ओढून काढण्याच्या चाचणीचं. १२ मिलिमीटरच्या सळईला १०० मिलिमीटरचा घन, आणि ठोकळा मध्येच फुटू नये म्हणून आत ६ मिलिमीटर तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. नियमाप्रमाणे वागले, मन लावून केलं. गंज चढवला, ओढलं, आणि पकडीत काही फरकच नाही! मला वाटलं यंत्र बिघडलं. तीन आठवडे मी यंत्राच्या मागे लागले होते.

यंत्र ठीक होतं. ती गुंडाळी म्हणजेच रिंगा. माझं कडं मीच बाहेरून बांधून ठेवलं होतं. वर त्या घनात सळईवर ४४ मिलिमीटर आवरण, म्हणजे व्यासाच्या साडेतीन पटीहून जास्त. हे मानक नव्या, न गंजलेल्या सळयांची तुलना करायला लिहिलेलं आहे, आणि त्या कामाला ते योग्यच. चूक माझी, मी त्याला भलताच प्रश्न विचारला.

दुसऱ्या फेरीत गुंडाळी काढली. आता आलेख सुरेख आला, पुस्तकात असतो तसा. मी खूश. मार्गदर्शक मॅडमनी आलेख बघितला आणि एकच विचारलं, "प्रवाह किती ठेवला होतास?" मी सांगितलं, एका चौरस सेंटिमीटरला १,००० मायक्रोअँपिअर. "असा गंज कोणत्या घरात चढतो गं?"

हिशेब तुम्हीही करून बघा. फॅरडेच्या नियमानं १ मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला ११.६ मायक्रोमीटर लोखंड जातं. १२ मिलिमीटर सळईची १ टक्का वजनघट म्हणजे सगळीकडून सुमारे ३० मायक्रोमीटर, केसाच्या निम्म्याहून कमी. ओलसर घरातला जोमदार गंज १ मायक्रोअँपिअरच्या आसपास धरला तर याला अडीच वर्षं लागतात. माझ्या यंत्रानं ते २३ तासांत केलं. एवढ्या घाईत ऑक्सिजन पोहोचत नाही, हिरवट-काळा पातळ पदार्थ भेगांतून बाहेर वाहतो, आणि कड्यावर पडणारा दाब खऱ्या गंजाचा राहत नाही. एल माड्डावी आणि सौदकी यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं, की २०० मायक्रोअँपिअरच्या वर गेलं की भेगा आणि ताण वेगळे वागू लागतात. तो निबंध माझ्या फोल्डरमध्ये होता. वाचला नव्हता.

ट्रामच्या विजेची पद्धत घराच्या गंजाला लावताना मधलं अंतर विसरलं, की असं होतं. पुढचे नमुने २०० च्या खाली, हळू चालवले. सहा महिने गेले. चालतं.

खारपाणपट्टा आणि मामांचा स्लॅब

आता मामांच्या छताकडे परत येऊ. दर्यापूर म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणी खारं. मामांचं घर १९८८ चं, स्लॅब बोअरच्या पाण्यात कालवलेला. आमचं मोझरीचं घर त्याच सुमाराचं, गोड्या विहिरीच्या पाण्याचं, आणि छत अजून ठणठणीत. मी मनात लगेच निष्कर्ष काढला: खारं पाणी, क्लोराइड, गंज. विषय संपला.

पण हिशेब केला तेव्हा तो बसेना. समजा पाण्यात लिटरला २,००० मिलिग्रॅम क्लोराइड आहे, म्हणजे आयएस ४५६ च्या ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या चौपट. मिस्त्रीनं सढळ हातानं घनमीटरला २५० लिटर पाणी ओतलं असं धरा. तरी क्लोराइड झालं अर्धा किलो. आयएस ४५६:२००० ची काँक्रीटमधली एकूण मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. म्हणजे नुसतं कालवण्याचं पाणी ती मर्यादा ओलांडत नाही. रेतीतून, पाणी मारताना, भिंतीतून वर चढणाऱ्या ओलीतून भर पडली असेल. पण मी जाऊन मोजलं ते दुसरंच: आवरण. सळाख सेंट्रिंगच्या पाटीवर जवळजवळ टेकलेली, खाली जेमतेम १० मिलिमीटर काँक्रीट. तेव्हाच्या १९७८ च्या मानकातही स्लॅबला १५ मिलिमीटर हवं होतं. मोझरीला वडिलांनी गिट्टीचे तुकडे खाली ठेवायला लावले होते. वर बाथरूमची गळती. पस्तीस वर्षांत कार्बन डायऑक्साइड एवढ्या पातळ थरातून सहज आत गेला असणार, आणि कार्बोनेशन झालं की सिमेंटनं धरून ठेवलेलं क्लोराइडही सुटतं. दोष एकट्या पाण्याचा म्हणणं सोपं होतं, सिद्ध करता येत नव्हतं. दोन घरांत चार गोष्टी वेगळ्या असतील तर ती तुलना पुरावा होत नाही, हे मी जुन्या निबंधांना लावते आणि स्वतःच्या घराला लावायला विसरले होते.

आणि पकडीचं काय? स्लॅबमध्ये रिंगा नसतात. सळाख १० मिलिमीटरची, आवरणही १० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या एक पट. माझ्या घनात साडेतीन पट होतं. हे कडं नावापुरतंच, आणि खपली पडली तिथे तेही गेलेलं. दुसरी गोष्ट जागेची. सळाख स्लॅबच्या मध्यावर उघडी पडली आणि दोन्ही टोकं घट्ट असली तर ती बराच भार धरून ठेवू शकते, टोकांना बांधलेल्या दोरीसारखी. पण टोक किंवा जोड गंजला तर पकड जिथे सर्वांत जास्त हवी तिथेच नाही. एम २० काँक्रीटमध्ये फे ४१५ सळईला व्यासाच्या ४७ पट लांबी गाडलेली लागते, म्हणजे १० मिलिमीटरला ४७० मिलिमीटर. मामांची खपली भिंतीला लागूनच होती. नेमकी टोकाला.

ठेकेदार दोन हजारात छपाई करून देतो म्हणत होता. छपाईनं खपली झाकली असती आणि पुढची भेग दिसली नसती.

मी मामांना वर्षं सांगितली नाहीत. एवढंच म्हटलं, "मामा, वर्षं मले सांगता येत नाहीत. पण या कोपऱ्याखाली आजच बल्ल्या लावा, खाली कोणी झोपू नका, आणि छपाई करू नका." पुढच्या आठवड्यात अमरावतीहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. त्यांनी सळाखी ठोकून, तासून बघितल्या, एक तर हातानं ओढताच सरकली. तेवढा भाग तोडून नव्या सळाखी जोडून पुन्हा ओतला. गळती आधी बंद केली.

तुमच्यासाठी

संशोधनाला सुरुवात करताना एखादा आकडा उचलाल तेव्हा वहीत त्याच्या शेजारी चार रकाने आखा: आवरण भागिले व्यास, रिंगा आहेत की नाहीत, गंज कोणत्या प्रवाहानं चढवला, आणि वजनघट प्रत्यक्ष तोलली की फॅरडेवरून काढली. मी माझ्या तक्त्यात हे चार रकाने भरले, तेव्हा १ टक्का आणि ४ टक्के यांचं भांडण बरंचसं मिटलं. उरलं ते माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण आहे: रिंगा नसलेले, कमी आवरणाचे, हळू गंजवलेले नमुने. आयएस ४५६ नव्या काँक्रीटची पकड सांगतं, गंजलेल्या सळईची किती धरायची ते सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत मात्र तीच जास्त आहे.

मामा परवा फोनवर म्हणाले, "तो कोपरा आता पक्का झाला. बाकीच्याचं कधी सांगतं?" नमुने अजून टाकीत आहेत. दिवाळीपर्यंत निघतील.